सहा नोकऱ्या आणि एक चेहरा

जाड कोट घ्या, कानटोपी घ्या आणि तोंड बंद ठेवा. पहिल्या दोन गोष्टी थंडीसाठी. तिसरी अशासाठी, की जिथे चाललाय तिथल्या लोकांना पुढचं काही ठाऊक नाही आणि तुम्ही सगळं वाचून आलाय.

उतरलात ते शाविनिगन फॉल्समध्ये. कॅनडाचा क्वेबेक प्रांत, 1941 च्या आसपासचा हिवाळा. धबधब्याच्या विजेवर उभं राहिलेलं हे कारखान्यांचं गाव. वरचे साहेब इंग्रजी बोलतात, कामगार फ्रेंच. बर्फावर शाळेचा हॉकी संघ सराव करतोय. पोरं चांगली सतरा वर्षांपर्यंतची, दणकट. त्यांच्याकडे नका बघू. कडेला एक बारा वर्षांचा किरकोळ पोरगा उभा आहे, त्याच्यावर नजर ठेवा. झाक प्लांत. अकरा भावंडांत थोरला. बाप कारखान्यात. डोक्यावरची लोकरी टोपी त्यानेच विणलीय. सुया कशा चालवायच्या ते आईने शिकवलं, कारण या थंडीत टोप्या लागतात आणि विकत घेण्याची ऐपत नाही. हा माणूस पुढे जगातला नावाजलेला गोलरक्षक झाल्यावरही विणकाम सोडणार नाही.

पोराला दमा आहे. फार वेळ स्केटिंग केलं की छाती भरून येते, म्हणून तो लहानपणापासून गोलात उभा राहतो, तिथे पळावं लागत नाही. गोलरक्षकाची पहिली काठी बापाने झाडाच्या मुळातून तासून दिली. पायांचे पॅड म्हणजे बटाट्याची पोती, आत काहीबाही कोंबून फळ्या लावलेली. पाच वर्षांचा असताना शिडीवरून पडून हात मोडला होता, तो नीट जुळला नाही.

आता बघा, तिकडे भांडण लागलंय. प्रशिक्षक आणि संघाचा गोलरक्षक एकमेकांवर ओरडतायत. प्रशिक्षकाने त्याला बर्फावरून हाकलला. सरावाला गोलरक्षक नाही. किरकोळ पोरगा पुढे सरकतो आणि विचारतो, मी उभा राहू का? दुसरं कुणी नसतं, म्हणून होकार मिळतो. त्याने जागा घेतली ती घेतलीच.

दोन वर्षं पुढे सरका. आता तो एकाच वेळी पाच संघांकडून खेळतोय, त्यातला एक कारखान्याचा. बापाने घरी सांगितलंय की त्या संघातल्या बाकीच्यांना पैसे मिळतात, कारण ते कंपनीचे कामगार आहेत. झाक दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकापुढे उभा: मलाही द्या. सामन्यामागे 50 सेंट ठरतात. चरित्रकार हा किस्सा गमतीचा म्हणून सांगतात. मला त्यात गंमत वाटत नाही. चौदाव्या वर्षी या पोराला कळलंय की आपण करतो ते काम आहे आणि कामाला दाम असतो. पुढे जे घडलं त्याची तयारी इथे झाली.

आता मोठी उडी. 1 नोव्हेंबर 1952, माँट्रियल कॅनेडियन्स. प्लांतचा नॅशनल हॉकी लीगमधला पहिला सामना, समोर न्यूयॉर्क रेंजर्स. संधी मिळाली ती संघाचा गोलरक्षक जेरी मॅकनील याच्या चेहऱ्याला पक लागून तो जायबंदी झाला म्हणून. प्रशिक्षक डिक अर्विन यांना विणलेली टोपी घालून खेळणारा गोलरक्षक नको आहे. वाद होतो, आणि मग प्लांतच्या सगळ्या टोप्या ड्रेसिंग रूममधून नाहीशा होतात. तीन सामने खेळवून त्याला परत पाठवतात. तारीख मात्र लक्षात ठेवा.

या धंद्याचा हिशेब आधी समजून घ्या, नाहीतर न्यूयॉर्कला पोचून काहीच उमजणार नाही. लीगमध्ये संघ फक्त सहा: माँट्रियल, टोरोंटो, डेट्रॉइट, शिकागो, बोस्टन, न्यूयॉर्क. प्रत्येक संघाचा गोलरक्षक एक. राखीव गोलरक्षक ठेवायचा नियमच नाही. म्हणजे अख्ख्या जगात या कामाच्या जागा सहा, आणि खालच्या लीगमध्ये वाट पाहणारे कितीतरी. तुम्हाला लागलं, तर आत जाऊन टाके घालून घ्यायचे आणि परत यायचं. तेवढा वेळ सामना थांबतो. तुम्ही कुरकुरलात, तर कुणीतरी तुमच्या जागी उभा राहतो आणि मग तो बाजूला होत नाही. प्लांतला हे इतरांपेक्षा नीट ठाऊक होतं, त्याला स्वतःला जागा अशीच मिळाली होती. डेट्रॉइटचा टेरी सॉचक हा त्या काळातला थोर गोलरक्षक. त्याच्या चेहऱ्यावर कारकिर्दीत चारेकशे टाके पडले. लोक याला शौर्य म्हणायचे. सहाच जागा असल्या की शौर्य आपोआप स्वस्त होतं.

आणि पक म्हणजे काय, तर कडक रबराची तीन इंच व्यासाची, इंचभर जाडीची, सुमारे 170 ग्रॅमची चकती. उसळू नये म्हणून ती गोठवून ठेवतात. पूर्वी ती बर्फालगत यायची. आता माँट्रियलच्याच बर्नी जेफ्रिओंसारखे खेळाडू काठी मागे उचलून जो फटका मारतात, त्याने ती थेट तोंडाच्या उंचीवर येते. सरावातच, सहकाऱ्यांच्या फटक्यांनी, प्लांतची दोन्ही गालफडं वेगवेगळ्या वेळी मोडलीत. तेव्हापासून तो सरावाला मास्क लावतो. सामन्यात लावायचा नाही, हा प्रशिक्षक टो ब्लेक यांचा हुकूम.

चला. 1 नोव्हेंबर 1959, रविवारची संध्याकाळ. मॅडिसन स्क्वेअर गार्डन, पण आजचं नव्हे. आठव्या ॲव्हेन्यूवरचं, 49 आणि 50 व्या रस्त्यांच्या मधलं जुनं. आत शिरलात की पहिल्यांदा डोळे चुरचुरतात. सगळे सिगारेटी आणि सिगार ओढतायत, दिव्यांखाली धुराचा थर साचलाय. गोलाच्या मागची जागा पकडा. पाठीवर 1 नंबर असलेला तो प्लांत. तीस वर्षांचा. कॅनेडियन्सनी सलग चार वर्षं लीगच्या विजेत्याला मिळणारा स्टॅन्ली कप जिंकलाय आणि चारही वेळा गोलात हाच होता. उत्तम गोलरक्षणाची व्हेझिना ट्रॉफीही चार वर्षं याच्याकडेच. संघात मोरीस रिशार, जाँ बेलिव्हो, डग हार्वी, जेफ्रिओं. म्हणजे या संघाला कुणी काही शिकवावं अशी परिस्थिती नाही.

बघा, तो गोल सोडून बाहेर येतोय. त्या काळच्या गोलरक्षकांनी चौकटीत खांबासारखं उभं राहायचं असतं. हा मात्र जाळीच्या मागे जाऊन पक अडवतो आणि आपल्या बचावपटूला देतो. हात वर करून पुढच्यांना खुणा करतो. ही सवय लागली ती खालच्या दर्जाच्या संघात. एका बचावपटूला मागे स्केटिंग करता येत नव्हतं, दुसऱ्याला एका बाजूला वळता येत नव्हतं. मग पक आणायला मलाच जावं लागायचं, असं तो सांगायचा. एकदा त्याने तक्रार केली होती की काही शहरांतल्या गोलचौकटींचे आडवे दांडे सारख्या उंचीवर नाहीत. सगळे हसले. मोजून पाहिलं तर त्याचंच खरं निघालं. असा माणूस प्रशिक्षकांना आवडत नाही, हे वेगळं सांगायला नको.

खेळ सुरू होऊन तीनेक मिनिटं झालीत. रेंजर्सचा अँडी बॅथगेट, गेल्या मोसमात लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला, थोड्या वेळापूर्वी गोलामागे प्लांतच्या अडथळ्याने जाऊन कठड्यावर आपटलाय. तो परत येतोय. तुम्हाला ओरडावंसं वाटेल. ओरडू नका. बॅथगेट काठीच्या उलट्या बाजूने पक उचलतो. फटक्यात फार जोर नाही. पण नेम आहे. तो मारा चुकून तोंडावर गेला नव्हता, हे बॅथगेटनेच पुढे म्हातारपणी सांगितलं.

आवाज तुमच्यापर्यंत पोचतो की नाही, गर्दीत कळत नाही. प्लांत खाली बसलाय आणि बर्फावर लाल डाग पसरतोय. नाकापासून ओठापर्यंत फाटलंय. टॉवेल तोंडाशी धरून तो उठतो आणि स्वतःच्या पायांनी आत जातो. त्याच्यामागून जा. तुम्हाला कुणी अडवणार नाही, सगळे त्याच्याकडेच बघतायत.

आत डॉक्टर सात टाके घालतात. बाहेर पंधरा हजारांवर माणसं ताटकळलीत. नेहमीचा रिवाज आता पुढे चालायला हवा: टाके, चेहरा पुसणं, परत गोल. प्लांत आरशात बघतो आणि ब्लेकना सांगतो की मास्क लावला तरच बाहेर येईन.

टो ब्लेक म्हणजे स्वतः मोठा खेळाडू होऊन गेलेला, रिशारच्या बाजूला खेळलेला, हट्टी माणूस. त्याचा मुद्दा अगदीच फालतू नाही. मास्कमुळे पायाजवळची पक दिसत नाही, आणि आपण सुरक्षित आहोत असं वाटलं की गोलरक्षक ढिला पडतो, असं त्याला वाटतं. पण या क्षणी त्याच्यापुढे दोनच वाटा आहेत. एक, हा मास्कवाला. दुसरी, यजमान संघाने अशा प्रसंगासाठी ठेवलेला एखादा हौशी गोलरक्षक, ज्याच्या भरवशावर ब्लेक सरावसुद्धा सोडणार नाही. राखीव गोलरक्षक न ठेवण्याची काटकसर इतकी वर्षं खेळाडूंच्या तोंडावर शेकत होती. आज पहिल्यांदा ती दुसऱ्या बाजूला शेकली. ब्लेक वैतागून हो म्हणतो, पण जखम भरेपर्यंतच.

मास्क जवळून बघून घ्या. प्लांतच्या तोंडाचा प्लास्टरचा साचा काढून त्यावर फायबरग्लासचे थर चढवून केलेला, कातडीच्या रंगाचा, चेहऱ्याला चिकटून बसणारा. डोळ्यांना दोन भोकं, तोंडाला फट. बिल बर्चमोर या माणसाने तो बनवला. तो फायबरग्लासच्या कंपनीत होता. 1958 मध्ये एका सामन्याला गेला असताना प्लांतच्या कपाळावर पक बसताना त्याने पाहिली आणि घरी जाऊन विचार करू लागला. तोंड झाकणारा प्लांत पहिला नव्हे. 1930 मध्ये गोलरक्षक क्लिंट बेनेडिक्टने मोडलेल्या नाकावर चामड्याचा मास्क काही सामने लावला आणि काढून टाकला होता.

परत जागेवर या. तो बर्फावर येतो आणि लोकांना क्षणभर कळत नाही काय बघतोय ते. माणसाच्या अंगावर मेलेल्या माणसाचा चेहरा. कुणी हसतं, कुणी ओरडतं. सामना संपेपर्यंत बसा, कॅनेडियन्स 3-1 ने जिंकतात.

पुढचे आठवडे भराभर उलटा. जखम भरते, मास्क उतरत नाही. ब्लेकना उतरवायला लावता येत नाही, कारण संघ हरतच नाही. सलग 18 सामने अपराजित. वर्तमानपत्रांत मात्र एकच प्रश्न फिरतोय, हा घाबरला का? प्लांतचं उत्तर ठरलेलं असायचं: विमानातून हवाई छत्रीशिवाय उडी मारली तर त्याला काय शूर म्हणायचं? बर्चमोर दरम्यान नवा मास्क करून देतो, फायबरग्लासच्या दोऱ्यांच्या पट्ट्यांचा, जिलबीसारखा वळ्यावळ्यांचा, म्हणजे आत वारा खेळेल. 8 मार्च 1960 ला डेट्रॉइटमध्ये ब्लेकच्या आग्रहाखातर प्लांत एक सामना उघड्या तोंडाने खेळतो. कॅनेडियन्स 3-0 ने हरतात. दुसऱ्या दिवशी मास्क परत येतो आणि विषय संपतो. एप्रिलमध्ये शिकागो आणि टोरोंटोला चार-चार सामन्यांत साफ करून कॅनेडियन्स सलग पाचवा स्टॅन्ली कप जिंकतात. आठ सामन्यांत प्लांतने सोडलेले गोल: 11.

तरी बाकीचे लगेच रांगेत उभे राहिले असं समजू नका. सॉचकने मास्क लावला 1962 मध्ये. क्रिकेटमध्येही तेच. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये तिकडे बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा चेंडू आपल्या नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यात बसला, भारताच्या कप्तानाची कवटी फुटली आणि जीव थोडक्यात वाचला. कसोटीत पहिलं हेल्मेट दिसायला मात्र 1978 उजाडलं, तेही त्याच बार्बाडोसमध्ये. शहाणपण यायला अपघात पुरेसा पडत नाही. तिथेही पहिल्यांदा हेल्मेट घालून उतरलेल्या ग्रॅहम यॅलपची प्रेक्षकांनी टर उडवलीच.

1961-62 च्या मोसमात प्लांत पुन्हा व्हेझिना आणि वर लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून हार्ट ट्रॉफी मिळवतो. त्याआधीच्या वर्षी गुडघा बिघडल्यावर याच संघाने त्याला खालच्या लीगमध्ये धाडलं होतं, तेही ध्यानात असू द्या. आणि जून 1963 मध्ये त्याला न्यूयॉर्कला देऊन टाकतात. देऊन टाकतात हाच शब्द बरोबर. खेळाडूला विचारायची पद्धत नव्हती. दम्यामुळे तो टोरोंटोत संघाच्या हॉटेलात न राहता वेगळीकडे उतरायचा, प्रशिक्षकाशी वाद घालायचा, पत्रकारांशी जास्त बोलायचा. जिंकत होता तोवर चाललं. बदल्यात आलेल्यांत गोलरक्षक होता गम्प वर्सली, मास्कचा कट्टर विरोधक. नंतर त्यानेही शेवटच्या मोसमात मास्क चढवला.

न्यूयॉर्कचा काळ वगळू. दुबळा संघ, दुखरा गुडघा, 1965 मध्ये निवृत्ती, बिअरच्या कंपनीत नोकरी. पण 1968 मध्ये लीग सहावरून बारा संघांची झालेली आहे आणि नोकऱ्या वाढल्यात. सेंट लुईसचा तरुण प्रशिक्षक स्कॉटी बोमन त्याला बोलावतो. ग्लेन हॉल सदतिशीचा, हा चाळिशीचा. दोघं मिळून 1969 ची व्हेझिना घेतात. प्लांतची ती सातवी.

सेंट लुईसमध्ये थोडं थांबा. 3 मे 1970, बोस्टनविरुद्ध अंतिम फेरीचा पहिला सामना. फ्रेड स्टॅनफिल्डचा फटका, वाटेत फिल एस्पोझिटोच्या काठीला लागून उडालेली पक, थेट प्लांतच्या कपाळावर. मास्क तडकतो. प्लांत बेशुद्ध. त्याला इस्पितळात नेतात. मास्क नसता तर मी मेलो असतो, हे त्याने नंतर सांगितलं. आणि घाबरट कोण, हा प्रश्न त्यानंतर कुणी फारसा काढला नाही. पुढच्या मोसमात टोरोंटोकडून, बेचाळीस वर्षांचा असताना, त्याने सामन्यामागे सरासरी 1.88 गोल सोडले. लीगमध्ये त्याच्याहून कमी कुणाचे नव्हते.

एक शेवटचा मुक्काम राहिला. 2 सप्टेंबर 1972, माँट्रियल फोरम. कॅनडाचे व्यावसायिक विरुद्ध सोव्हिएत संघ, आठ सामन्यांची मालिका, आज पहिला. सगळा देश धरून चाललाय की रशियनांचा धुव्वा उडणार. तुम्ही सोव्हिएत ड्रेसिंग रूममध्ये कोपऱ्यात उभे राहा. दार उघडून दुभाष्याला घेऊन प्लांत आत येतो. वीस वर्षांच्या व्लादिस्लाव त्रेत्याकला बसवतो आणि फळ्यावर आकृत्या काढून कॅनडाचे खेळाडू समजावतो, एस्पोझिटो कुठून मारतो, माहोव्हलिच कसा मारतो, कुर्नोयेचं काय, हेंडरसनचं काय. समोरच्या संघाच्या गोलरक्षकाला, आपल्याच देशाविरुद्ध! त्रेत्याकनेच हे पुढे लिहून ठेवलंय आणि त्यालाही याचं नवल वाटलं होतं. प्लांतला बहुधा पोराची दया आली असावी. मला वाटतं, त्याच्या हिशेबात देश दुसरा आला. आधी गोलात उभ्या राहणाऱ्यांची जात आली. सोव्हिएत संघ 7-3 ने जिंकला.

परतीच्या वाटेवर दोन नोंदी करून घ्या. 7 एप्रिल 1974 ला पिट्सबर्गचा अँडी ब्राउन बिनमास्कचा खेळला. त्यानंतर या लीगमध्ये उघड्या चेहऱ्याचा गोलरक्षक उतरलेला नाही. आणि प्लांत तेव्हाही खेळून संपलेला नव्हता. पुढच्या मोसमात, सेहेचाळिशीला टेकलेला असताना, तो प्रतिस्पर्धी लीगमध्ये एडमंटनकडून आणखी 31 सामने खेळला.